मासा विकताना त्याचं पाणीही सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरसजावटीच्या पानावर डिस्कस माशांचा पानभर रंगीत फोटो होता. बाजूला चौकट होती. दोन इंची पिल्लू साधारण कितीला मिळतं, मोठा मासा कितीला, टाकीच्या मागे काळा कागद लावला की रंग कसे उठून दिसतात, टाकी दिवाणखान्याच्या कोणत्या दिशेला असावी, हे सगळं त्यात होतं. पाण्याबद्दल मात्र एकच ओळ : 'आठवड्यातून एकदा पाणी बदलावे.' त्या ओळीपाशी मी थांबले आणि दुपारीच हे पत्र लिहायला घेतलं. ते लांबलं आहे. जागेअभावी कापावं लागलं तर जरूर कापा, पण दुकानदारांसाठी लिहिलेला भाग कृपया ठेवा.

मी नेरूळला सिडकोच्या इमारतीत तळमजल्यावर राहते. एका महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं साहाय्यक होते, २०१८ साली निवृत्त झाले. डिस्कस पाळायला सुरुवात केली २००९ साली. ती कशी झाली ते आधी सांगते, कारण आपल्या पुरवणीतला फोटो बघून या आठवड्यात अनेक घरांत तेच होणार आहे.

मुलीची दहावी झाली म्हणून तिला हवी ती वस्तू घ्यायची ठरली होती. तिने मासे मागितले. माझे यजमान ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात फिटर होते, त्यांनी लोखंडी अँगल आणून स्टँड स्वतः वेल्डिंग करून घेतला. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच अशी काचेची टाकी आणली. काठोकाठ भरली तर ३४० लिटर, आम्ही ३०० लिटरपर्यंत भरतो. पाणी, काच आणि लोखंड धरून हे चारशे किलोंच्या आसपास जातं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी एवढी टाकी घेण्याआधी ती भिंतीलगत, तुळईजवळ कुठे ठेवता येईल हे जाणकाराला विचारावं. त्या चौकटीत हेही नव्हतं.

दुकान नवी मुंबईतलंच होतं, नाव लिहीत नाही. सहा डिस्कस घेतले, प्रत्येकी ७०० रुपयांना. दोन इंचांचे, पण अंगावर निळ्या रेघा अशा चकाकत होत्या की मुलगी काचेला नाक लावून उभी राहिली. दुकानातल्या मुलाने सांगितलं, "मॅडम, सकाळी पाणी भरा, अँटी-क्लोरीनचे थेंब टाका, हीटर लावा, संध्याकाळी मासे सोडा." आम्ही अगदी तसंच केलं.

तिसऱ्या दिवशी मासे काळसर पडले आणि एका कोपऱ्यात, हीटरच्या मागे, एकमेकांना चिकटून उभे राहिले. खाणं टाकलं की बुडायचं आणि तसंच पडून राहायचं. पाचव्या दिवशी एक गेला. दुकानात फोन केला तर निळं औषध टाका म्हणाले. टाकलं. सातव्या दिवशी दुसरा गेला. नवव्या दिवशी मी टाकीतलं पाणी एका स्वच्छ बाटलीत भरून कॉलेजला नेलं. खरं तर हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

प्रयोगशाळेत तेव्हा नेसलरचं द्रावण असायचं. अमोनिया ओळखायचं ते जुनं साधन. त्यात पारा असतो, त्यामुळे ते घरी आणायचं द्रव्य मुळीच नव्हे. मी तीन परीक्षानळ्या घेतल्या. पहिलीत ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी, दुसरीत आमच्या नळाचं, तिसरीत टाकीचं. प्रत्येकीत थोडं थोडं द्रावण सोडलं. पहिल्या दोन जवळजवळ जशाच्या तशा राहिल्या. तिसरी आधी पिवळी झाली, आणि मी बघत असतानाच कोऱ्या चहासारखी तांबूस झाली. आमचे मासे त्या पाण्यात नऊ दिवस श्वास घेत होते. ती नळी धुवायला माझा हात धजावला नाही, संध्याकाळपर्यंत ती स्टँडमध्ये तशीच ठेवली होती.

यामागची गोष्ट अवघड नाही आणि कुठलाही दुकानदार ती दोन मिनिटांत सांगू शकतो. मासा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. नदीत तो वाहून जातो, टाकीत साठतो. फिल्टरच्या स्पंजवर काही जिवाणू हळूहळू वस्तीला येतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच असतं, नायट्रेट त्या मानाने बरंच सौम्य, आणि ते पाणी बदलून काढता येतं. ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीत ती नसते. सकाळी भरलेल्या टाकीत संध्याकाळी मासे सोडले तर त्यांना स्वतःच्याच घाणीत ठेवल्यासारखं होतं. त्यात डिस्कसला पाणी गरम लागतं, २८ ते ३० अंश, आणि पाणी जितकं गरम आणि जितकं अल्कधर्मी, तितका तोच अमोनिया जास्त जहरी होतो. गोल्डफिश कदाचित तगला असता. डिस्कस नाही तगला.

बाराव्या दिवसापर्यंत सहांतले चार गेले. उरलेले दोन जगले खरे, पण दोन महिन्यांत त्यांच्या निळ्या रेघा पुसल्यासारख्या फिकट झाल्या. अंग मातकट झालं, डोळे मोठे दिसू लागले आणि वाढ खुंटली. मुलीने त्यांची नावं ठेवली होती. ती मला रोज विचारायची, रंग परत येईल का. त्या वर्षी मला उत्तर माहीत नव्हतं.

उत्तर मिळालं ठाण्यात. नौपाड्यात एक गृहस्थ राहत असत, बँकेतून निवृत्त झालेले. घरी डिस्कसची पैदास करायचे. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी त्यांचा पत्ता दिला. रविवारी नेरूळहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून मी आणि मुलगी त्यांच्याकडे गेलो. आतल्या खोलीत भिंतीला लागून आठ टाक्या होत्या. एकीतही वाळू नाही, झाड नाही, शोभेचा वाडा नाही. नुसती काच, स्पंज फिल्टर आणि मासे. मी पर्समधून पैसे काढले तर काका म्हणाले, "ताई, ते आत ठेवा. आज मासे मिळणार नाहीत. टाकी महिनाभर चालवा, त्यातलं पाणी मला आणून दाखवा, मग बघू."

आणि मग त्यांनी आम्हाला स्टुलांवर बसवून दीड तास मासा कसा बघायचा ते शिकवलं. त्यातलं बरंचसं इथे लिहिते, कारण काका आता नाहीत आणि ते कुणाला असं फुकट शिकवायला कधी कंटाळले नाहीत.

आधी डोळा बघायचा. अंगाच्या मानाने डोळा मोठा दिसत असेल तर मासा वयाने मोठा आणि वाढीने खुजा आहे, लहानपणी त्याला पुरेसं अन्न आणि स्वच्छ पाणी मिळालेलं नाही. चांगला डिस्कस चकतीसारखा गोल दिसतो. लांबट, रग्बीच्या चेंडूसारखा झालेला मासा पुढे कितीही खाऊ घातलं तरी गोल होत नाही. समोरून बघायचं : कपाळ भरलेलं हवं, डोळ्यांच्या वर खळगा नको. एकच कल्ला हलत असेल आणि दुसरा मिटलेला असेल तर तो मासा घ्यायचा नाही. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबत असेल तरी नाही. मग काकांनी खाणं टाकलं. सगळे मासे पुढे धावत आले, आणि काका म्हणाले, "दुकानदाराला सांगायचं, माझ्यासमोर खायला घाल. नको म्हणाला तर नमस्कार करून निघायचं."

रंगाचं त्यांनी शेवटी सांगितलं. दोन इंची, निळ्या रेघांच्या रेड टर्कॉइज जातीचं पिल्लू मुळात असं झगमगत नसतं. ते करडं-तपकिरी असतं, रंग चढायला महिने जातात. दोन इंचांवर पूर्ण रंग दिसला तर त्याला बहुधा नर-संप्रेरक (हार्मोन) दिलेलं असतं, खाण्यातून किंवा पाण्यातून. औषध थांबलं की रंग उतरतो, आणि अशा माशांची पुढे वीण होण्याची आशाही कमीच. आमच्या दोन माशांना काय दिलं होतं ते मी तपासलेलं नाही, पण काकांनी वर्णन केलेली प्रत्येक खूण त्यांच्यात होती. लाल-केशरी जातींचं थोडं वेगळं आहे. त्यांच्यात रंग लवकर दिसतो आणि कोळंबीसारख्या खाण्याने तो चढतोही, त्यात काही फसवणूक नाही. हा फरक गिऱ्हाइकाला माहीत नसतो, विकणाऱ्याला असतो.

आपल्या पुरवणीतल्या काळ्या कागदाबद्दलही इथेच लिहिते. फोटोत मधोमध जो केशरी मासा आहे तो पिजन ब्लड या जातीतला दिसतो. ही जात थायलंडमध्ये तयार झाली. जंगली डिस्कसच्या अंगावर ज्या उभ्या काळ्या पट्ट्या असतात, मासा घाबरला की ज्या गडद होतात, त्या या जातीत नसतात. त्याऐवजी गडद रंगाच्या टाकीत ठेवल्यावर काही आठवड्यांत त्याच्या अंगावर मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके उमटतात. म्हणून हे मासे पाळणारे लोक मागे पांढरा किंवा फिकट निळा कागद लावतात. काळा कागद लावून केशरी मासा ठेवणारा वाचक दोन महिन्यांनी मासा आजारी आहे असं समजून त्याला औषधं घालत बसेल. ही चूक दुरुस्त करून छापावी अशी माझी विनंती आहे.

डिस्कस मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. योहान याकोब हेकेल या व्हिएन्नाच्या शास्त्रज्ञाने १८४० साली त्याला शास्त्रीय नाव दिलं, आणि त्याच्या चकतीसारख्या आकारावरूनच 'डिस्कस' हा शब्द त्या नावात आला. रिओ नेग्रो ही त्या खोऱ्यातली एक नदी. तिचं पाणी पानापाचोळ्याच्या अर्कामुळे कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं, अतिशय मऊ, म्हणजे क्षार फार कमी असलेलं, आणि आम्लधर्मी. (ही चहाची उपमा मी आधी अमोनियाच्या नळीला दिली आहे हे मला ठाऊक आहे. दोन्ही रंग खरोखरच तसे आहेत. एक या माशाला मारतो, दुसऱ्यात तो जन्मतो.) तिथे पाण्यात कोसळलेल्या झाडांच्या फांद्यांमध्ये हे मासे थव्याने राहतात. म्हणून एकटा-दुकटा डिस्कस ठेवू नये, निदान पाच-सहा हवेत. एकेक मासा पुढे सहा इंचांचा, त्याहूनही मोठा होतो. लहान टाकीत त्याला वळायलाही जागा उरत नाही. तिथल्यासारखं पाणी घरी बनवावं लागतं असं मात्र नाही. आज बाजारात येणारे बहुतेक डिस्कस पिढ्यान् पिढ्या टाकीत वाढलेले आहेत, ते आपल्या नळाच्या पाण्यात छान राहतात. आमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी येतं. माझ्या मीटरवर त्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, बहुतेक वेळा शंभराच्या आत असतो. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यावर ज्यांची सोसायटी चालते त्यांनी मात्र आधी मोजून घ्यावं.

पाणी आठवड्यातून एकदा नव्हे, वाढत्या पिल्लांसाठी मी एक दिवसाआड चाळीस टक्के बदलते. मोठ्या माशांसाठी आठवड्यातून दोनदा. सकाळी पाणी आलं की २०० लिटरचं निळं पिंप भरायचं, त्यात एअर पंप चोवीस तास चालू ठेवायचा, हीटरने टाकीइतकं गरम करायचं आणि मग नळीने हळूहळू सोडायचं. हे मी सोळा वर्षांहून अधिक काळ करते आहे आणि मला ते जड वाटत नाही. पण ज्या नवरा-बायकोला सकाळी ७.१२ची लोकल पकडायची असते त्यांना ते जड जाणार. ते त्यांना मासे घेण्याआधी सांगायला नको का? कितीतरी सुंदर मासे याहून कमी मेहनतीत राहतात.

खाण्याचं थोडक्यात. नाल्यांतून गोळा केलेले लाल किडे मी घालत नाही, त्यांतून रोग येतो. दिवाळे गावच्या कोळणीकडून ताजी कोळंबी आणते, सोलून धुऊन तिच्यात पालक आणि अगदी थोडी लसूण वाटते, जिलेटीनमध्ये घट्ट करून पातळ वड्या फ्रीजरमध्ये ठेवते. न खाल्लेलं अन्न दहा मिनिटांत काढून टाकायचं. पिल्लांना दिवसातून चार-पाचदा लागतं.

काकांनी महिन्याने पाणी तपासलं, पास केलं, आणि थर्माकोलच्या डब्यातून आम्ही सहा पिल्लं घरी आणली. करडी, रेघा जेमतेम दिसणारी. मुलगी जरा हिरमुसली. सात-आठ महिन्यांत तिच्या डोळ्यांसमोर एकेक रेघ उजळत गेली, आणि त्या रेघा पुढे कधी उतरल्या नाहीत.

२०१२ साली त्यांतल्या दोघांनी जोडी जमवली. टाकीत मी एक मातीची कुंडी उलटी ठेवली होती. दोघंही ती तोंडाने घासून घासून साफ करायचे, मग मादी ओळीने अंडी चिकटवत वर जायची आणि नर तिच्या मागोमाग. पहिल्या दोन वेळची अंडी त्यांनी स्वतःच खाऊन टाकली. नवख्या जोडीत हे होतंच. तिसऱ्या खेपेला टिकली. अडीच-तीन दिवसांत कुंडीवर शेपट्यांची वळवळ दिसू लागली, आणि त्यानंतर आणखी तीन दिवसांनी जे पाहिलं त्यासाठी मी माणसांना घरी बोलवायचे.

पिल्लं कुंडीवरून सुटली आणि सरळ आईबापांच्या अंगाला जाऊन चिकटली. डिस्कसच्या अंगावर त्या दिवसांत दाट स्राव येतो, तेच पिल्लांचं पहिलं अन्न. आपण अंगावर पाजणं म्हणतो, ते शब्दशः इथे घडतं, आणि आई-बाप दोघंही पाजतात. मी भिंग घेऊन बसायचे. साठ-सत्तर पिल्लं, प्रत्येक पापणीच्या केसाएवढं, बापाच्या कुशीवर तोंड टेकवून टोचत असायची. त्याचं अंग त्यांनी भरून गेलेलं असायचं. तो हलायचा नाही. बराच वेळ झाला की एकदम अंगाला एक हिसका द्यायचा आणि बाजूला सरकायचा. सगळा घोळका क्षणभर पाण्यात लोंबकळायचा, मग शेजारी उभ्या असलेल्या आईकडे वळायचा. ती तयारच असायची. थोड्या वेळाने ती हिसका द्यायची आणि घोळका पुन्हा बापाकडे. शेजारच्या बाळंतिणीने हे पाहिलं तेव्हा तिचं तान्हं तिच्या मांडीवर होतं. ती काही बोलली नाही, खूप वेळ बघत राहिली. जाताना म्हणाली, "काकू, ह्यांना पण बघायला घेऊन येऊ का?" आणि संध्याकाळी नवऱ्याला घेऊन आली.

हे असे जीव आहेत. 'शो पीस' हा शब्द आपल्या पुरवणीत तीनदा आला आहे.

वीज गेली तर काय करायचं हेही कोणी विकताना सांगत नाही. १२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार आठवा. सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची वीज एकदम गेली होती. ऑक्टोबरची उष्णता, त्यामुळे पाणी गार होण्याची भीती नव्हती. भीती होती प्राणवायूची, कारण गरम पाण्यात तो मुळात कमी विरघळतो आणि पंप, फिल्टर सगळंच बंद. बॅटरीवर चालणारा एक छोटा पंप माझ्याकडे होता, तो टाकीत लावला. पण आणखी एका टाकीत पिल्लं होती. तिथे मी आणि वरच्या मजल्यावरचा अकरावीतला मुलगा आळीपाळीने तांब्याने पाणी उपसून वितभर उंचीवरून परत ओतत बसलो. कोरोनाचे दिवस, दोघांच्या तोंडाला मास्क, आणि तोंडाने मोजणी : शंभर तांबे तू, शंभर मी. आमच्याकडे वीज यायला दुपार टळली. एकही पिल्लू गेलं नाही. तो बॅटरीचा पंप काही फार महाग येत नाही. माशाबरोबर तो घ्यायला सांगणं दुकानदाराला सहज जमण्यासारखं आहे.

नवी मुंबई महापालिकेकडेही एक मागणी आहे. जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी चोवीस तास पाणी बंद राहिलं की त्यानंतर येणाऱ्या पाण्याला क्लोरीनचा वास नेहमीपेक्षा उग्र येतो. माणसांसाठी तो क्लोरीन हवाच, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण एकदा असंच पाणी नेहमीच्या अंदाजाने अँटी-क्लोरीन टाकून मी सोडलं आणि पाच मिनिटांत मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले. पिंपातल्या पाण्यात क्लोरीन ओळखायच्या ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पाहिले तर नेहमीपेक्षा कितीतरी गडद पिवळा रंग आला. पाणीपुरवठा बंद राहणार असल्याची सूचना महापालिका वर्तमानपत्रांतून देतेच. त्यातच एक ओळ वाढवावी : पुढील दोन दिवस पाण्यात क्लोरीनचे प्रमाण जास्त राहील. घरोघरी मासे पाळणाऱ्यांना तेवढं पुरेल.

आता दुकानदारांविषयी. सगळे सारखे नसतात. रविवारी पहाटे कुर्ल्याला रंगीत माशांचा बाजार भरतो, तिथे मी हार्बरच्या गाडीने कितीतरी वेळा गेले आहे, आणि 'ताई, हा नका घेऊ, कालच आलाय, दमलाय,' असं सांगणारी माणसं मला तिथे भेटली आहेत. २०१७ साली केंद्र सरकारने मत्स्यालयं आणि रंगीत माशांच्या दुकानांसाठी नियम काढले होते. बराच गदारोळ झाला आणि नंतर ते मागे घेतले गेले. काय पाळावं आणि काय पाळू नये याच्या लांबलचक याद्यांबद्दल वाद होणारच होता. पण विकणाऱ्यावर काही जबाबदारी असावी हा त्यातला भाग मला तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो. सरकारची वाट न बघता तो दुकानदारांच्या संघटनांनी आपणहून अमलात आणावा.

मला हवी आहे ती पिशवीबरोबर द्यायची एक चिठ्ठी, औषधाच्या दुकानात बिल मिळतं तेवढी. हे पिल्लू कुठून आलं, आमच्याकडे किती दिवस आहे, कोणत्या तापमानाच्या आणि किती पीएचच्या (किती आम्ल-अल्क) पाण्यात आहे, काय खातं. रंग वाढवायला काही दिलं असेल तर तेही. एवढं लिहायला दोन मिनिटं लागतात. आणि गिऱ्हाईक रिकामी टाकी आणि मासे एकाच दिवशी मागत असेल तर टाकी आज विकावी, मासे महिन्याने. काकांनी मला तसे परत पाठवले म्हणून त्यांचं गिऱ्हाईक तुटलं नाही. पुढची दहा वर्षं मी दुसरीकडून एकही डिस्कस घेतला नाही, आणि माझ्या शब्दावर निदान आठ-दहा घरं त्यांच्याकडे गेली.

ज्यांनी मासे आधीच घेतले आहेत आणि आता झेपत नाहीत त्यांनी ते तलावात सोडू नयेत. ठाण्यात मासुंदा आहे, उपवन आहे, आमच्याकडे गावोगावचे तलाव आहेत, आणि लोक विसर्जन केल्यासारखे मासे सोडून हात जोडतात. डिस्कस तिथे जगणार नाही. आणि त्याच्याबरोबर सोडलेला काच साफ करणारा काळा मासा जगतो, फोफावतो आणि मूळच्या माशांच्या वाट्याचं खातो. दुकानात परत द्या, पाळणाऱ्या कुणाला द्या.

आपण पुरवणीत दुसरी एक चौकट छापावी, फक्त पाण्याबद्दल. ती लिहून द्यायला मी तयार आहे, मानधन नको. आणि नेरूळ-सीवूड्स भागात कोणाचे मासे काळे पडत असतील तर रविवारी दुपारी चारनंतर टाकीतलं पाणी माझ्याकडे घेऊन यावं. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे, विचारणाऱ्याला जरूर द्यावा. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच तपासायचा संच माझ्याकडे आहे, पंधरा-वीस मिनिटांत सांगते. अर्धा लिटर पुरे. बाटली टाकीच्याच पाण्याने तीनदा विसळून घ्यावी, साबणाने धुऊ नये, आणि काठोकाठ भरून झाकण घट्ट लावावं.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक,
नेरूळ, नवी मुंबई